कॉम्प्युटरच हवे, हे कोणी ठरवले?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आमच्या दुकानात गिऱ्हाइकांबरोबर आणखी एक गर्दी सुरू होते. सोलापुरात माझे रंग-रसायनांचे दुकान आहे. टॉवेल आणि चादरीचे सूत रंगवणारे कारखानदार, साबणवाले, रंगारी, प्लास्टिकचा दाणा वापरणारे अशी सगळी मंडळी माल न्यायला येतात. जून-जुलैत हीच मंडळी मुलाची गुणपत्रिका घेऊन येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "भाई, यंदा कोणत्या लाइनला भाव आहे?" सुताचा भाव विचारावा तसा! आणि मी काही बोलण्याआधी उत्तरही तेच देतात, "कॉम्प्युटरच ना?"

गेल्या वर्षी असेच एक जुने गिऱ्हाईक आले. तीस वर्षे सुताच्या लडी रंगवणारा माणूस. मुलाला सीईटीत चांगले गुण होते. मोबाईलवर मुलाने तयार केलेली पसंतीक्रमाची यादी त्यांनी मला दाखवली. पहिली अकरा नावे वाचली. अकराही ठिकाणी शाखा एकच, कॉम्प्युटर, किंवा तिचेच आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स असे नवे नाव. त्यातली चार-पाच महाविद्यालये बापाने पाहिली नव्हती आणि मुलानेही नाही. ती गावे कुठे आहेत हेही दोघांना सांगता येईना.

हा मुलगा लहानपणापासून वडिलांबरोबर माझ्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मला विचारले होते, "चाचा, तोच रंग, तेच मीठ, तोच सोडा अ‍ॅश, तरी मे महिन्यात निळा फिका का येतो आणि पावसाळ्यात उजळ का येतो?" मी म्हटले, "पाण्यामुळे." त्याने लगेच विचारले, "पाण्यात काय असते?" मी म्हटले, "मे महिन्यात बोअरचे पाणी जड असते." तो म्हणाला, "जड म्हणजे काय? आणि ते रंगाला काय करते?" पस्तीस वर्षे मी रंग विकतो आहे. पाण्यातला चुना रंगाला धरतो एवढे मोघम मला माहीत होते, पण मुलाला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. अशा मुलाच्या यादीत रंगाचे, कापडाचे, रसायनाचे एकही नाव नव्हते. का नव्हते, हे विचारल्यावर बाप म्हणाला, "भाई, रंगाऱ्याचा मुलगा शिकून पुन्हा रंगच करणार का?"

या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहे, कारण ते फक्त त्या घरातले वाक्य नाही. विणकर, रंगारी, बेकरीवाले, चामड्याचे आणि अत्तराचे व्यापारी, सगळ्यांच्या घरांत ते ऐकू येते. तीन पिढ्या ज्या मालात हात घालून बसलो, त्याच मालाचे शास्त्र शिकणे आपल्याला कमीपणाचे वाटते.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण मुंबईत माटुंग्याला एक पूर्ण विद्यापीठच या कामासाठी आहे. इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे आयसीटी. जुने लोक त्याला यूडीसीटी म्हणतात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ते सुरू झाले आणि सुरुवातीलाच तिथे कापडाचे रसायनशास्त्र शिकवले जाऊ लागले, कारण समोर मुंबईच्या गिरण्या होत्या. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१८ पासून जालन्यालाही त्याचा एक परिसर आहे, तिथे पाच वर्षांचा एकत्रित एम.टेक. अभ्यासक्रम आहे. माटुंग्याला केमिकल इंजिनिअरिंग आहे, त्याशिवाय रंगद्रव्ये, तंतू आणि कापडप्रक्रिया, अन्न, तेल व साबण-डिटर्जंट, औषधे, पॉलिमर आणि पेंट अशा वेगवेगळ्या बी.टेक. शाखा आहेत. नावे अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज करावा. आता ही यादी पुन्हा एकदा वाचा. आपल्या बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्याच एकापुढे एक मांडल्या आहेत, असे वाटत नाही का?

इथे घरचे लोक एक घोटाळा करतात. "रंगाची शाखा" म्हटले की सगळे एकच समजतात. प्रत्यक्षात रंगद्रव्यांची शाखा म्हणजे रंग *बनवण्याचे* शास्त्र. माझ्या दुकानात जी पावडर पिशवीतून येते, तिचा रेणू कसा जोडायचा, ती प्रकाशात का उडते, ती तयार करताना सांडपाण्यात काय जाते, हा तिचा विषय. तंतू आणि कापडप्रक्रिया म्हणजे सूत-कापड धुणे, ब्लीच करणे, रंगवणे, छापणे, फिनिशिंग. माझ्या गिऱ्हाइकाच्या डायहाऊसमध्ये जे चालते ते हे. माग, सूतकताई, विणकाम यांचे शिक्षण तिसरीकडेच आहे. त्यासाठी मुंबईची व्हीजेटीआय किंवा इचलकरंजीची डीकेटीई यांसारख्या ठिकाणी टेक्स्टाईलची शाखा पाहावी लागते. आणि ज्याला पेंट म्हणतात, म्हणजे भिंतीला, लोखंडाला, गाडीला लावतात तो, त्याची शाखा पुन्हा वेगळी. यंत्रमागवाल्याचा मुलगा रंगद्रव्याच्या शाखेत जाऊन बसला आणि "इथे मागाचे काही शिकवतच नाहीत" म्हणून रडू लागला, तर दोष कोणाचा?

केमिकल इंजिनिअरिंग या सगळ्यांहून निराळे. त्यात एखादा विशिष्ट माल नसतो. उष्णता कशी जाते, द्रव पाइपातून कसा वाहतो, प्रयोगशाळेत लिटरभर होणारी क्रिया टनावर कशी न्यायची, म्हणजे थोडक्यात कारखाना कसा उभा करायचा, हे शिकवतात. गणित जास्त. ज्या मुलाला माल आवडतो त्याने मालाची शाखा घ्यावी, ज्याला यंत्रणा आणि हिशेब आवडतो त्याने केमिकल घ्यावे, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे. जाणकार यात दुरुस्ती करतील, पण दुकानात उभ्या-उभ्या सांगायला एवढे पुरते.

मालाचे शास्त्र माहीत नसल्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. १९९४ मध्ये जर्मनीने काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. हे रंग फुटून त्यातून कर्करोगाला कारण ठरणारी अमाइन्स तयार होतात, हे त्याचे कारण. भारत सरकारनेही १९९० च्या दशकात बेंझिडीनवर आधारलेल्या आणि इतर अ‍ॅझो रंगांवर बंदी आणली. सोलापूरचा टॉवेल परदेशात जातो. निर्यातदारांकडून कागद येऊ लागले, या रंगात अमुक अमाइन नाही असे लिहून द्या. माझ्याकडे ते कागद घेऊन कितीतरी छोटे रंगारी आले. कागदावरची रसायनांची नावे त्यांना वाचता येत नव्हती आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. आम्ही पुरवठादार कंपनीच्या प्रतिनिधीची वाट पाहत बसलो. मोठ्या प्रोसेस हाऊसकडे शिकलेला केमिस्ट होता, त्याने आठवड्यात दुसरे रंग बसवले. छोट्यांचे काम बंद पडले, काहींचे कायमचे. हात चांगला होता, नजर अशी की रंगाच्या दोन छटांतला केसाएवढा फरक कळे, पण त्या हाताला कागद वाचता येत नव्हता.

आता कोणी म्हणेल, दुकानदार आहे, म्हणून आपल्या धंद्याची शिफारस करतो. तसे नाही. माझ्याच घरात उलटे घडले आहे. माझ्या थोरल्या मुलाला कॉम्प्युटरमध्ये घातले ते मी. त्याला यंत्रे खोलून बसवण्याची हौस होती, मेकॅनिकल हवे होते. मी म्हटले, "मेकॅनिकलला आता कोण विचारते?" एका दूरच्या महाविद्यालयात जागा मिळाली. तिथे प्रयोगशाळा कुलूपबंद असायची आणि शिक्षक दर सहामाहीला बदलायचे. चार वर्षे त्याने कशीबशी काढली, दोन विषय मागे राहिले, पदवी पाच वर्षांनी हातात आली. आज तो एका कंपनीत विक्रीचे काम करतो, पगार ठीक आहे. पण शाखेचे नाव मी पाहिले आणि मुलगा पाहिला नाही, हे त्याने मला कधी बोलून दाखवले नाही, म्हणून जास्त लागते.

म्हणून बापाने धंद्याची शाखा मुलाच्या गळ्यात बांधावी, असे मी म्हणत नाही. दोन उदाहरणे पाहा. १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी पेंटचा छोटा धंदा सुरू केला, तोच पुढे एशियन पेंट्स झाला. त्यांतल्या एकाचे, सूर्यकांत दाणी यांचे चिरंजीव अश्विन दाणी यांनी माटुंग्यालाच रंग आणि वॉर्निशचे तंत्रज्ञान शिकले, पुढे अमेरिकेत पॉलिमर शिकले आणि कंपनीत परतले. घरचा माल आणि शिकलेली शाखा एकच. दुसरे उदाहरण आपल्या खान्देशातले. १९४५ मध्ये मोहम्मद प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाच्या कंपनीची सुरुवात केली. चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते. १९६६ मध्ये वडील वारले, शिक्षण अर्धवट सोडून एकविसाव्या वर्षी ते परत आले आणि तेलाचा कारखाना सांभाळू लागले. तेलाचे शास्त्र त्यांनी पदवीला घेतले नव्हते. १९८० च्या सुमारास कंपनी संगणकांत उतरली. तीच आजची विप्रो. हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, म्हणून मुद्दाम देतो. वनस्पती तुपावर धंदा थांबला नाही, याला ती वेगळी शाखा कारण झाली असेलही.

मग धरायचे काय? माझे म्हणणे इतकेच की घरचा धंदा हे कारण नव्हे, पण तो पुरावा मात्र आहे. ज्या मुलाने बारा-पंधरा वर्षे कारखान्यात ये-जा केली, त्याला तिथल्या कशात रस आहे हे आपल्याला दिसलेले असते. तो लडीच्या रंगाकडे बघतो की बॉयलरच्या गेजकडे? वजनकाट्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीकडे बघतो की थेट गिऱ्हाइकाशी बोलायला जातो? काही मुलांना यातले काहीच आवडत नाही, ती कोपऱ्यात बसून मोबाईलवर कसले तरी प्रोग्राम लिहितात. त्यांनी खुशाल कॉम्प्युटर घ्यावे, त्यांना रंगाकडे ओढू नये. शेजाऱ्याच्या मुलाला मिळालेल्या पगाराचा आकडा हा मात्र पुरावा नाही.

कॉम्प्युटरच्या नावाबद्दल एक व्यापारी हिशेबही सांगतो. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांना एका शाखेत किती जागा ठेवाव्यात यावरची कमाल मर्यादा उठवली. ज्या शाखेला मागणी, तिच्या जागा वाढवता येतात. आपण व्यापारी आहोत. बाजारात माल वाढला की नुसत्या लेबलची किंमत राहत नाही, प्रत विचारली जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चांगल्या संस्थेतले कॉम्प्युटर आजही चांगलेच आहे. कुठल्याही संस्थेतले कॉम्प्युटर म्हणजे नोकरी, ही समजूत मात्र सोडून द्यावी.

मालाच्या शाखांची दुसरी बाजूही लपवत नाही. सुरुवातीचा पगार मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांइतका सहसा नसतो. काम कारखान्यात, तारापूर, वापी, अंकलेश्वर, दहेज अशा ठिकाणी, पाळ्यांत. वास असतो, धोका असतो. ज्या आईला मुलगा पुण्यात थंडगार ऑफिसात हवा आहे, तिला हे आधी सांगावे. उलट, स्वतःचा छोटा कारखाना काढायचा असेल, किंवा घरचाच नीट करायचा असेल, तर सांडपाण्याच्या नियमांपासून गिऱ्हाइकाच्या तक्रारीपर्यंत सगळीकडे हेच ज्ञान लागते. डॉ. रेड्डीज या औषध कंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी हळदीच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. माटुंग्याला औषधांचे तंत्रज्ञान शिकले आणि १९८४ मध्ये कंपनी काढली. सगळेच रेड्डी होत नाहीत, हे मान्य.

आता अर्जाबद्दल, कारण सगळी फसगत तिथे होते. आयसीटीच्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटीवर आणि काही जेईई मेनवर भरतात. राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेशात मुलगा पसंतीक्रम भरतो. पहिल्या क्रमांकावर लिहिलेले मिळाले की ते पक्के धरले जाते, मग "आम्हाला दुसरे हवे होते" चालत नाही. म्हणून एक शाखा घेऊन ती वीस महाविद्यालयांत उतरवत जाणे ही यादी करण्याची सर्वांत वाईट पद्धत आहे. दहाव्या क्रमांकाच्या अनोळखी महाविद्यालयातले कॉम्प्युटर आणि माटुंग्यातली दुसरी किंवा तिसरी आवडीची शाखा, यांत कोणते वर लिहायचे, हे बाप-मुलाने समोरासमोर बसून ठरवावे. त्याआधी त्या शाखेच्या तिसऱ्या वर्षाचे विषय संस्थेच्या पत्रकात वाचावेत. पहिल्या वर्षी गणित, भौतिक, रसायन सगळीकडे असते, त्यावरून काही कळत नाही. तिसऱ्या वर्षाचे विषय वाचून मुलाचे डोळे मिटू लागले तर ती शाखा त्याची नाही.

शक्य असेल तर जागा डोळ्यांनी पाहावी. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघाले की सकाळी दादर, तिथून माटुंगा जवळच. सुताचा एक लॉट घेण्याआधी आपण गोदाम बघून येतो, मग चार वर्षांसाठी एक रात्र प्रवास करायला काय हरकत आहे?

फीचा हिशेबही आधी करावा. आपल्या अनेक घरांत व्याजाचे कर्ज नको असते, म्हणून "फी कुठून आणू" या भीतीने चांगली जागा सोडली जाते. पण मोमीन, अन्सारी, जुलाहा, अत्तार, बागवान, पिंजारी अशा कितीतरी जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमी लेयर हे कागद अकरावीतच काढायला लागावे, जुलैत तहसीलच्या रांगेत उभे राहून ते होत नाहीत. आणि मुली! जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. माझ्याकडे यादी घेऊन येणाऱ्या बापांत मुलीची यादी आणणारे अजून दोघे-तिघेच आहेत. रंगाची छटा ओळखणारी नजर कित्येक घरांत मुलीचीच तेज असते, हे सुताचा धंदा करणाऱ्याला माहीत असते. ज्यांचे गुण थोडे कमी आहेत, त्यांनी दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात पदवीला जाण्याची वाटही अनेक संस्थांत खुली आहे. कारागिराच्या मुलाला ती बरी, हात आणि पुस्तक बरोबर चालतात.

त्या गिऱ्हाइकाच्या मुलाची यादी आम्ही तिघांनी दुकानात बसून पुन्हा लिहिली. माटुंग्याची कापडप्रक्रिया पहिली, माटुंग्याचीच रंगद्रव्ये दुसरी, मग पाहून खात्री केलेल्या दोन संस्थांतले कॉम्प्युटर. बाकीची अनोळखी नावे खोडली. बापाला मनापासून पटले नव्हते, पण मुलाचा चेहरा पाहून तो गप्प बसला. दुसऱ्या फेरीत कापडप्रक्रियेची जागा लागली. हिवाळ्याच्या सुटीत मुलगा घरी आला तेव्हा त्याने बोअरच्या पाण्याची जडता मोजून वडिलांच्या हातात आकडा दिला आणि पाणी मऊ करण्याचे यंत्र बसवल्यास रंग किती वाचेल, याचे कागदावर गणित मांडले. बाप तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "यंत्राचा भाव काय आहे, भाई?" विचारले. मी सांगितला. जाता जाता पायरीवर थांबून म्हणाला, "पण नोकरी लागेल ना त्याला?" मी म्हटले, "चौथ्या वर्षी विचारा."